धुऱ्यावरचा बैल

शाम गावंडे काय म्हणाला ते बळीरामला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातली पिशवी सुटली आणि दारव्ह्याच्या बाजारात त्याची अर्धा किलो वांगी लोकांच्या पायांखाली गेली.

“बरं झालं बावा, बळीराम,” शाम म्हणाला होता. “तुमच्या घरचं काम फिरून तुमच्याच घरी आलं. काल तुयी नात आमच्या शेजाऱ्याची मेलेली गाय ओढून नेत होती. मस्त ओढते. रक्तातच असते म्हना ते.”

आणि हसून, जणू पाऊसपाण्याचं बोलून झालं अशा थाटात, तो कांद्याचा भाव विचारायला पुढं गेला. शाम बळीरामपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण एकेरीतच बोलायचा, कारण त्याचा बाप तसाच बोलायचा आणि आजाही. एरवी बळीरामनं त्याला तिथल्या तिथं ऐकवलं असतं. तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टर होता तो, दारुड्यांपासून पुढाऱ्यांच्या भाच्यांपर्यंत भल्याभल्यांना त्यानं तिकीट काढायला लावलं होतं. त्या दिवशी मात्र तो तसाच जीपकडं वळला. एका बाईनं वांगी गोळा करून दिली, तीही त्यानं घेतली नाहीत.

ममता ऑफिसर आहे, असं त्यानं साऱ्या सावळदऱ्यात सांगितलं होतं. अमरावतीहून एम.एस्सी. केलेली नात, गावाबाहेरच्या टेकडीवर एका संस्थेच्या गिधाड प्रकल्पात नोकरीला लागली आणि आईबापाचं उमरखेडचं घर सोडून आजाआजीजवळ राहायला आली, याचा त्याला कोण अभिमान. गिधाडं आपल्या भागातून केव्हाच संपली होती. दुखऱ्या ढोरांना जे इंजेक्शन द्यायचे ते मेल्यावरही त्यांच्या अंगात राहायचं, आणि ते मांस खाऊन गिधाडं पटापट मरायची. आता ते इंजेक्शन बंद झालं आणि पिंजऱ्यात जन्मलेली आठ गिधाडं पाठीवर मशीन बांधून हिवाळ्यात टेकडीवर सोडली होती. “रानाचं होतं ते रानाला परत द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं,” असं ममता सांगायची. बळीरामला त्यातलं मशीन तेवढं आवडलं होतं. नात थंड खोलीत कॉम्प्युटरपुढं बसून कोणता पक्षी कुठं गेला ते बघते, असं चित्र त्यानं मनाशी काढलं होतं आणि पारावर दहा वेळा रंगवलं होतं. पक्षी खातात काय, हा प्रश्न त्या शहाण्या माणसाला चार महिन्यांत एकदाही पडला नाही.

जीपमधून उतरून तो घरी आला. कांताबाई अंगणात कपडे वाळत घालत होती. दोन दोऱ्या होत्या. एकीवर घरचे कपडे, आणि दूर सीताफळाच्या झाडाला बांधलेल्या दुसरीवर ममताची खाकी पँट आणि शर्ट.

“तुले माहीत होतं,” बळीराम म्हणाला.

कांताबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि सारं समजली. “तिनं शपथ घातलती,” ती म्हणाली. “मी तिचे कपडे फिनेल टाकून वेगळे धुते. चार महिने झाले.”

बळीराम ओट्यावर बसला. पंधराच दिवसांपूर्वी, चौदा एप्रिलला, विहारापुढच्या मांडवात त्यानं दरवर्षीप्रमाणे आपल्या बापाची गोष्ट सांगितली होती. छप्पन साली सोनबा नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि त्यानंतर गावंडे पाटलाचा बैल मेला, तेव्हा चावडीपुढं साऱ्या गावादेखत त्यानं दोर फेकला. “ज्याचं ढोर त्यानं ओढावं,” म्हणाला. जुन्या रिवाजानं गावची मेलेली ढोरं ओढणं सोनबाच्या वस्तीच्या गळ्यात होतं, पिढ्यानुपिढ्या. त्या दिवसापासून ते सुटलं. इथं आलं की मांडव टाळ्यांनी दणाणायचा. पुढच्या रांगेत बसून ममतानंही टाळ्या वाजवल्या होत्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन तिनं ढोर ओढलं असेल, हे आता त्याच्या डोक्यात शिरलं.

दुसऱ्या दिवशी तो न सांगता टेकडीवर गेला. तारेच्या कुंपणावर हिरवी पाटी होती: ‘गिधाड उपाहारगृह’. त्यानं ती दोनदा वाचली. या सरकारी भाषेवाल्यांना कुठं काय नाव द्यावं याची काही लाजच नाही, असं त्याला वाटलं. आत दारव्ह्याच्या अफरोज मेकॅनिकचा ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीतून एक गाय अर्धी खाली आली होती. तिच्या पायांना दोर होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला, खांद्यावर पीळ घेऊन, कमरेत वाकून, टाचा मुरमात रोवून ममता होती.

ते वाकणं बळीरामनं पाहिलेलं होतं. सहा-सात वर्षांचा असताना, बापाच्या मागं चालताना, तीच पाठ त्याच्या डोळ्यांपुढं असायची. त्यानं कुंपणाचा खांब धरला. बापानं दोर सोडला म्हणून लेकानं जन्मभर फक्त एसटीच्या घंटीची दोरी ओढली, आणि चौथ्या पिढीनं एम.एस्सी. होऊन पुन्हा हा पीळ खांद्यावर घेतला? डोळ्यांनी दिसत होतं तरी त्याला खरं वाटेना.

“सोड तो दोर!”

ममता दचकून वळली. “आबाजी? तुम्ही इथं कसे?”

“सोड म्हनतो ना मी!”

तिनं दोर सोडला. अफरोज हात पुसत पुढं आला. “चाचा, ट्रॅक्टरवरल्या ओढायच्या चरखीची तार तुटली आज. रोज चरखीच ओढते. कसम से.”

“तू चूप राय, अफरोज. तुले नाही विचारलं.” बळीरामचा आवाज चिरकला. “ममता, हे काम करून राह्यली तू? हे? अन् मी गावभर सांगत फिरून राह्यलो की नात ऑफिसर हाय!”

“आबाजी, हे सायन्स आहे. कोणत्या ढोराला काय औषध दिलं होतं ते मी तपासते, मग...”

“दोराले सायन्स नाही समजत. अन् गावाले तं बिलकुल नाही. गावाले दोर दिसते, अन् दोराच्या पुढं तू दिसते.”

ममताचे डोळे भरले, पण ती मागं हटली नाही. शेवटी आज्याचीच नात. “मला दिसत नाही काय ते?” ती म्हणाली. “फोन येतात ना, तर ‘ढोर मेलं, उचलायला या,’ एवढंच म्हणतात. माझं नावसुद्धा कोणी विचारत नाही. कळते मला सगळं. पण आठ जीव आहेत, आबाजी. मी नाही आणलं तर ते उपाशी मरतील.” तिनं टेकडीच्या कड्याकडं हात केला. तिथं माना आत ओढून आठ काळपट पक्षी ओळीनं बसले होते. “ट्रॅक्टरचा आवाज आला की येऊन बसतात. स्वतःहून शोधायला एकही जात नाही. पावसाळ्यापर्यंत एकानंही आपलं आपण खाल्लं नाही तर साहेब लोक आठही पक्षी परत पिंजऱ्यात टाकणार, मग जन्मभर तिथंच. मी गिधाडं सोडली की कोंबड्या पाळल्या, मलाच समजत नाही आता.”

बळीरामला पक्ष्यांचं काही पडलेलं नव्हतं. “हे सोडलं नाही तं माह्या घरात राहायचं नाही,” असं तो म्हणाला आणि टेकडी उतरला. उतरताना दोनदा ठेचकाळला. आपण हे बोललो यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना.

संध्याकाळी ममता आली, अंघोळ केली, ताटावर बसली. कांताबाईनं दोघांनाही वाढलं.

“आबाजी,” ममता एकदम म्हणाली, “त्या बैलाचं पुढं काय झालं?”

“कोन्त्या?”

“गावंडेच्या. पणजोबांनी दोर फेकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण बैल तर तिथंच पडलेला होता ना?”

बळीरामनं घास खाली ठेवला. इतक्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. मांडवातल्या कोणीही नाही, त्याच्या मुलानं, धम्मरत्ननंही नाही. त्यानं स्वतःही कधी विचार केला नव्हता. गोष्ट दोर फेकण्यापाशी संपायची.

“पडलाच होता,” तो सावकाश बोलू लागला. “आपल्या वस्तीले लागून गावंडेचा धुरा हाय ना, शेताच्या बांधावर, तिथं. मुद्दाम नाही उचलला त्याहिनं. वारा तिकूनच आपल्याकडं येते. गाव म्हने, दोन दिवसांत वास सुटला की येतील पायावर लोळत, अन् ओढतील मुकाट्यानं. एक दिवस गेला. दुसरा गेला. माय नाकाले पदर बांधून चुलीपुढं बसे. तिसऱ्या दिवशी दुपारी...”

तो थांबला. डोळ्यांपुढं ते जसंच्या तसं उभं राहिलं आणि तो हबकलाच.

“दुपारी काय?”

“आभाळ काळं झालं, पोरी. मोजता येत नव्हती इतकी. एकावर एक उतरली. अंगनात उभं राहून पाह्यलं मी. दिवस मावळेपर्यंत फासळ्या राह्यल्या फक्त. वासच नाही. गावंडे माडीवर उभा राहून पाहे, अन् गाव चूप. लोळत जायचं राहूनच गेलं.” त्याचा आवाज खाली गेला. “गिधाडांनी खाल्ला बैल. अन् मी सांगतलंच नाही कधी.”

कांताबाई त्याच्याकडं बघतच राहिली. पन्नास वर्षं तीही ती गोष्ट ऐकत आली होती.

“म्हणजे कोणीच नाही ओढला?” ममतानं विचारलं.

“कोनीच नाही.”

“आणि ती आपली आपण आली?”

“मग? त्याहिले कोनं फोन केलता?”

ममता पुढं जेवली नाही. हात तसाच ताटात ठेवून ती दाराबाहेर टेकडीकडं बघत राहिली. घर सोडण्याचं त्या दिवशी कोणी बोललं नाही, नंतरही नाही.

पुढचे पाच दिवस पक्ष्यांना घालण्याजोगं एकही ढोर मिळालं नाही. एकाला कुणीतरी नको ते इंजेक्शन दिलेलं निघालं, ते ममतानं मीठ टाकून पुरायला लावलं. पक्षी उपाशी होते. ममताचं तोंड सुकलं होतं आणि बळीराम ते बघत होता. सहाव्या संध्याकाळी अवकाळी आली, वारा सुटला, कडाडून विजा पडल्या. सकाळी सात वाजता ममताचा फोन वाजला. तिनं ऐकलं आणि आज्याकडं बघितलं.

“शाम गावंडेचा बैल मेला. वीज पडून. बाभळीखाली बांधला होता, आपल्याकडच्या धुऱ्यावर.” तिनं फोन खाली ठेवला. “म्हणतात, उचलून न्या.”

“त्याच धुऱ्यावर?” बळीराम उठला. त्यानं चपला घातल्या. “मी येतो.”

बैल चारी पाय ताठ करून पडला होता. तलाठ्याचा पंचनामा उरकला होता. अफरोज ट्रॅक्टर घेऊन पोचला होता, शाम कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि बळीरामला बघून त्याच्या मिशीखाली तेच बाजारातलं हसू आलं.

“वा, आजा-नात दोघंही! चल व पोरी, लाव दोर. उन्हं व्हायच्या आत मोकळं कर.”

“याला महिनाभरात काही औषध, इंजेक्शन?” ममतानं विचारलं.

“थेंब नाही. चांगला धडधाकट होता बिचारा.”

ममता ट्रॉलीपाशी गेली, दोर काढला, त्याचं वेटोळं हातावर घेऊन परत आली. बळीरामनं डोळे मिटले. हे आपल्याच्यानं बघवणार नाही, असं त्याला वाटलं. तेवढ्यात त्याच्या हातात काहीतरी जड पडलं. दोर होता.

“धरा, आबाजी,” ममता म्हणाली, आणि शामकडं वळली. “शामकाका, बैल इथंच राहू द्या. मी नाही ओढत.”

“म्हंजे?”

“म्हणजे नाही ओढत.”

शामचं हसू गेलं. काय ऐकलं ते त्याच्या कानांना पटेना. “तुयी नोकरी हाय ते!”

“माझी नोकरी गिधाडं सोडायची आहे. अजून सोडलीच नाहीत मी. अफरोजभाई, ट्रॅक्टर बंद करा. आज चालू करायचा नाही.”

अफरोज वेड्यासारखा तिच्याकडं बघत राहिला, पण त्यानं चावी काढली. शामनं आपल्या गड्याला हाक मारली. गडी लांबूनच म्हणाला, मी नाही हात लावत. मग शामनं जेसीबीवाल्याला फोन लावला. तो दुसरीकडं कामावर होता, तीनच्या आधी येणार नव्हता. “तीन वाजता खड्डा करून गाडतो,” शाम म्हणाला. “मग बस तुह्या पाखरांले उपाशी मारत. वरून साहेबाले फोनबी करतो तुह्या.”

“करा,” ममता म्हणाली.

ते तिघं जाऊन लिंबाखाली बसले. ममताच्या मोबाइलवर आठ ठिपके दिसत होते. आठही टेकडीच्या कड्यावर, ट्रॅक्टरची वाट बघत. नऊ वाजले. दहा वाजले. गावची कुत्री आली आणि बैलाच्या पोटाला भिडली. बळीराम दगड घेऊन उठला तर ममतानं त्याचा हात धरला. “राहू द्या. चामडं जाड असते, त्यांना फोडता येत नाही. कुत्रीच वाट करून देतात.” कावळे आले. अकरा वाजले. ठिपके जागचे हलेनात.

“नाही आले तं?” बळीरामनं विचारलं.

“तर बैल मातीत जाईल. पक्षी पिंजऱ्यात.” ती म्हणाली. “आणि मी उमरखेडला.”

बळीरामनं मांडीवरच्या दोराकडं पाहिलं. हा आत्ता लावला, चरखी सुरू केली, तर दोन तासांत पक्षी खाऊन तृप्त होतील आणि पोरीची नोकरी राहील. त्याच्या बापानं जे फेकलं ते त्याच्या मांडीवर होतं आणि ते लावावं असं त्याला, सोनबाच्या लेकाला, वाटत होतं. “ममता,” तो म्हणाला, “मी लावू काय? एक डाव. तुले नाही लावू देत. मी लावतो.”

ममतानं त्याच्याकडं पाहिलं. आपण हे खरंच बोललो का, या विचारानं त्याचे कान तापले. अफरोजनं मान खाली घातली.

“नाही, आबाजी,” ती म्हणाली. “पणजोबा तीन दिवस थांबले होते.”

साडेबाराला ऊन रणरणायला लागलं, आणि एक ठिपका सरकला. ममता ताडकन उभी राहिली. “चार नंबर उडाला.” ठिपका टेकडीवर गोल फिरू लागला. मग दुसरा. मग एकदम तीन. ते पलीकडं गेले, नदीकडं; ममतानं ओठ चावला. पुन्हा वळले. मग तिनं मोबाइल खाली केला, कारण त्याची गरज उरली नव्हती. जमिनीवरून एक भलीमोठी सावली सरकत गेली. कुत्री बाजूला झाली.

पहिलं गिधाड धपकन बांधावर उतरलं. पंखावर पिवळा बिल्ला, चार नंबर. वाकडी मान करून त्यानं बैलाकडं बघितलं, माणसांकडं बघितलं, आणि दोन उड्या मारून सरळ पोटात चोच घातली. मग दुसरं उतरलं, मग तिसरं, आणि उरलेली पाचही एकमेकांवर आदळतच आली. फडफड, फिसकारणं, पंखांचा वारा थेट लिंबापर्यंत. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. कोणी वाढलं नव्हतं.

“आली,” ममता म्हणाली. “आपली आपण आली.” आणि ती खाली बसून ओंजळीत तोंड घालून रडायला लागली.

बळीराम उभा राहिला. अडुसष्ट वर्षांपूर्वी अंगणात उभं राहून पाहिलेलं दृश्य, तोच धुरा, तेच घर, तेच आभाळ, त्याच्या पुढं घडत होतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हात जोडले आणि त्या घाणीनं माखलेल्या, भांडणाऱ्या पाखरांना भर दुपारी मोठ्यानं म्हणाला, “जय भीम!”

अफरोजनं त्याच्याकडं बघितलं आणि त्यानंही नकळत हात जोडले.

शाम गावंडे बांधावर उभा होता, तोंड उघडं, डोळे विस्फारलेले. तीन वाजता जेसीबी आला, तेव्हा ड्रायव्हरनं मशीन लांबच बंद केलं आणि व्हिडिओ काढायला मोबाइल बाहेर काढला. पाच वाजेपर्यंत फासळ्या उघड्या पडल्या होत्या. पक्षी पोटं भरून एकेक करत बाभळीवर जाऊन बसले. उरलेलं त्यांचं उद्यासाठी होतं.

शाम हळूहळू लिंबापाशी आला. आवाजातला सारा तोरा गेला होता. “बळीरामजी,” तो म्हणाला. साठ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून ‘जी’ निघालं. “मंग उद्या... हे हाडं कोन उचलन?”

बळीरामनं पायाशी पडलेलं दोराचं वेटोळं उचलून नीट केलं, जसं तेहतीस वर्षं तिकीट फाडून प्रवाशाच्या हातात द्यायचा तसं ते शामच्या हातात दिलं, आणि नातीला घेऊन घराकडं निघाला.